मागच्या काकांचा गाळ

'गाळणे' या एका क्रियापदावर सगळं आयुष्य काढलेला माणूस अख्ख्या आखातात शोधला तरी दुसरा सापडायचा नाही. आमच्या मागच्या काकांनी चहा गाळला, पाणी गाळलं, रस्सा गाळला, कारखान्यात वर्षानुवर्षं चिखल गाळला आणि उतारवयात बिअर गाळली. 'मागचे' म्हणायचं कारण ते आमच्याच कंपाउंडात मागच्या दोन खोल्यांत राहत. रास अल खैमातल्या जुन्या व्हिलांचे असे तुकडे करून भाड्याने देतात. पुढच्या भागात मी, नवरा आणि मुलगी रेवा, मागे काका, मध्ये खजुराची तीन झाडं आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. रेवा त्यांना लहानपणापासून मागचे काका म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांची बायको मिरजेला. तिची तिथे शाळेतली नोकरी, मग सासूचं आजारपण, मग मुलाचं शिक्षण, असं करत करत ती इकडे राहायला आलीच नाही. काका वर्षातून एकदा जायचे आणि परत आले की पहिले आठ दिवस जरा जास्तच बोलायचे.

ते टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर होते. टाइल्स करायच्या आधी मातीचा पातळ रबडा करतात आणि तो मोठमोठ्या कापडी गाळण्यांत दाबून त्यातलं पाणी काढतात. ते खातं काकांचं. त्यामुळे कुठलीही ओली वस्तू समोर आली की यातलं घन किती आणि द्रव किती, याचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमच्याकडे चहाला आले की कप आधी उजेडाकडे धरायचे. मी चहा गाळून दिलेला असायचा, तरी खिशातल्या रुमालात गुंडाळलेली स्वतःची बारीक गाळणी काढून ते तो दुसऱ्या कपात पुन्हा गाळायचे आणि तळाशी राहिलेले दोन काळे कण मला दाखवायचे. दाखवण्यात टोमणा नसायचा. डॉक्टर एक्स-रे दाखवतो तसं दाखवायचे. मिसळ खायला बोलावलं तर कट वेगळा, मोड वेगळे आणि फरसाण तिसऱ्या वाटीत घेऊन ते पाऊण तास शांतपणे जेवायचे. बोलणंसुद्धा गाळूनच यायचं. कंपाउंडातल्या कुणाबद्दल काही सांगितलं की ऐकून घ्यायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचे आणि "बरं" एवढंच म्हणायचे. बाकीचा चोथा कुठे जायचा कोण जाणे.

अशा माणसाने घरी बिअर करायचं का मनावर घेतलं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते पिणारे नव्हतेच. माझ्या नवऱ्याने आग्रह केला तर अर्धा ग्लास घ्यायचे आणि तोही उजेडाकडे धरून. घरी बिअर करणं इथल्या कायद्यात बसत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. साधा लाल सिग्नल मोकळ्या रस्त्यावरसुद्धा न तोडणारा हा माणूस, पण एका सुट्टीत त्यांनी मोबाइलवर कुणा परदेशी माणसाला गॅरेजमध्ये बिअर गाळताना पाहिलं आणि त्याची गाळायची पद्धत त्यांना इतकी गचाळ वाटली, की राहवेना. आपण केली तर कशी करू, हे दाखवायला समोर कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी ती स्वतःलाच दाखवली.

बिअरला तिचा कडवटपणा येतो तो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, खवलेदार फुलं. वाळवून, दळून, त्याच्या गोळ्याही करतात. बघितल्या तर कोंबड्यांचं खाद्य वाटावं अशा. काकांना ही फुलं झोप येण्याचा चहा म्हणून एका दुकानात मिळाली आणि गोळ्या कुणा ओळखीच्याने सुट्टीवरून येताना बॅगेत टाकून आणल्या. ती उकळली की काम झालं, पण मागे जो हिरवा, चिकट, कडूजहर गाळ उरतो त्याचं काय करायचं, हा प्रश्न बिअर करणारी बाकीची माणसं दोन मिनिटांत सोडवून हात धुतात. काकांनी त्या प्रश्नावर तीन वर्षं घालवली. बिअर हे त्यांच्या लेखी निमित्त होतं. फुलं वापरली तर गाळायला सोपं, पण ती फुलं स्पंजासारखी बिअर पिऊन बसतात. गोळ्या वापरल्या तर बिअर वाया जात नाही, पण गाळ इतका बारीक की कुठल्याच जाळीला दाद देत नाही. हा पेच ते मला इतक्या कळकळीने समजावून सांगायचे, की दोन्हीकडून स्थळं आली आहेत आणि मुलगी कुठे द्यावी हे ठरत नाही, असं वाटावं.

पहिल्या खेपेला ते माझी पुरणाची चाळण मागून घेऊन गेले. कशाला हवी ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण काकांनी चाळण मागण्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून परत दिली. होळीला पुरण त्यातून काढलं. नवऱ्याने पहिली पोळी गप्प खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली आणि मग यंदा पुरणात मेथी घातली आहेस का, असं फार जपून विचारलं. रेवाने ताट सरकवून "आय ॲम गुड" म्हटलं. काका मात्र दोन पोळ्या खाऊन म्हणाले, की म्हणजे इतका बारीक अंश जाळीत बसतो तर. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

मग पंचा झाला, मग सुती साडीचा तुकडा झाला आणि शेवटी कुठेतरी वाचून त्यांनी सुपरमार्केटमधून बायकांचे लांब पायमोजे आणले. त्यातून गाळ असा सुरेख अडतो म्हणाले, की कारखान्यात एवढी वर्षं आपण उगीच जाड कापड वापरलं. ते मोजे वापरून झाले की धुऊन ते आपल्या बनियनशेजारी दोरीवर वाळत घालायचे. एकदा घरमालक आले. वयस्क गृहस्थ, अधूनमधून खजुराची झाडं बघायला यायचे आणि आमच्याशी मोडक्या हिंदीत प्रेमाने बोलायचे. त्यांनी दोरीवर लोंबणारे ते हिरवट मोजे पाहिले, थोडं थांबून काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "मदाम कब आया?" काका म्हणाले, "मदाम नहीं अरबाब, फिल्टर." मालकांनी मान डोलावली आणि खजुराकडे बघायला लागले. जाताना त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमचा हा दोस्त चांगला माणूस आहे, त्याच्या बायकोला बोलावून घ्या.

गाळून वेगळा केलेला गाळ टाकायचा कुठे, हा पुढचा अध्याय. पहिल्यांदा सिंकमध्ये टाकला तर पाइप तुंबला आणि प्लंबर येईपर्यंत काका स्वतःच पाइप खोलून बसले होते. कचऱ्याच्या पिशवीत टाकला तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी कंपाउंडभर ओलं गवत सडल्यासारखा वास. शेवटी त्यांनी तो पिळून, ताटात पसरून, गच्चीवर वाळवला आणि खजुराच्या आळ्यांमध्ये पुरायला लागले. "नायट्रोजन आहे वहिनी," असं ते म्हणायचे. त्या वर्षी मधल्या झाडाला खजूर जरा बरा आला आणि काका रोज संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसू लागले.

त्याच सुमाराला आमच्याकडे कुत्रा आला. रेवा तेव्हा पंधराची. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी वाळवंटाकडच्या रस्त्यावर सापडलेलं एक पिल्लू वाचवलं होतं. लांब पाय, बारीक कंबर आणि अंगावर पिवळे, तपकिरी, काळे ठिपके. नाव चिवडा. घरात मराठी बोलायचा कंटाळा करणाऱ्या माझ्या मुलीने कुत्र्याचं नाव मात्र असं ठेवलं. चिवड्याला काका फार आवडले. सकाळी काकांचं दार उघडलं की हा आत, आणि काका त्याचं पाणी गाळून भांड्यात ओतायचे. कुत्र्याला काय कळतं, असं मी म्हटलं तर म्हणाले, की कळत नसेल, पोटाला कळतं.

ऑगस्टातला शनिवार होता. नवरा कामासाठी अबू धाबीला गेला होता. शनिवारी दुपारी काका आमच्याकडे जेवायला असायचे, तसे ते दह्याचं भांडं घेऊन यायचे होते. चिवडा सकाळपासून धापा टाकत होता. ऑगस्टात इथे सगळेच धापा टाकतात, म्हणून मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. एसी वाढवला, ओलं फडकं त्याच्या अंगावर टाकलं. तो बसेना. या भिंतीकडून त्या भिंतीकडे फिरायचा, जीभ बाहेर, डोळे लाल. रेवा म्हणत राहिली, "ममा, ही इज बर्निंग." मी हात लावला तर खरंच अंग तव्यासारखं होतं. मग तो ओकला.

काका तेवढ्यात आत आले. दह्याचं भांडं त्यांनी शूज ठेवायच्या कपाटावर ठेवलं आणि फरशीवर वाकले. ओकारी हिरवट होती. त्यांनी त्यातलं थोडं चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं, वास घेतला. मग उठले, खिडकीतून खजुराच्या आळ्याकडे पाहिलं. मधल्या झाडाखाली माती उकरलेली होती. मोबाइल काढून त्यांनी काहीतरी वाचलं. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"वहिनी, हे माझं आहे," ते म्हणाले. "कुत्र्यांना हॉप्स विष असतात. उकळलेलेसुद्धा."

गाडी त्यांनीच काढली. एरवी ते इतके सावकाश चालवायचे, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे. त्या दिवशी मागच्या सीटवर चिवड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या रेवालाही त्यांना सावकाश म्हणावं लागलं. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. काकांच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते. इथे माणसाचं सगळं, व्हिसा, नोकरी, शेवटी हातात पडणारी रक्कम, एका कागदावर लटकलेलं असतं आणि दारूच्या भानगडीत तो कागद फाटायला वेळ लागत नाही. मी मराठीत हळूच म्हटलं, की बागेतलं काहीतरी खाल्लं एवढंच सांगू. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बागेतलं म्हटलं तर ते बागेचं औषध देतील," ते म्हणाले.

दवाखान्यात आमच्याआधी एक स्थानिक गृहस्थ बसले होते. पांढरा शुभ्र, पायघोळ कंदुरा, मांडीवर पिंजऱ्यात मांजर. चिवड्याला बघून ते स्वतःच उठले आणि यल्ला, यल्ला, तुम्ही आधी, असं हाताने सांगितलं. डॉक्टर केरळची तरुण मुलगी होती. तिने तिथेच ताप पाहिला आणि उष्माघात म्हणून पुढची तयारी करायला सांगू लागली. या दिवसांत रोजच असे कुत्रे येत असणार. काका पुढे झाले. शिफ्ट संपताना वरच्या साहेबाला रिपोर्ट देतात तसे हात मागे बांधून उभे राहिले आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर, नॉट हीट. हॉप्स. फॉर बिअर. मेड बाय मी. ॲट माय हाउस."

डॉक्टरने काकांकडे एकदा नीट पाहिलं आणि किती खाल्लं असेल असं विचारलं.

"वेट ऑर ड्राय?" काकांनी विचारलं.

ती बघतच राहिली. त्यांना खरंच ते कळायला हवं होतं. पुढच्या मिनिटभरात त्यांनी तिला हॉप्सची जात, किती वेळ उकळले, किती पिळले, किती दिवस वाळवले आणि आळ्यात किती खोल पुरले हे सगळं सांगितलं. तिने मध्येच हात वर करून, खलास अंकल, समजलं, असं म्हटलं आणि चिवड्याला आत नेलं. मी त्या कंदुऱ्यातल्या गृहस्थांकडे बघायचं टाळत होते. ते कोण, कुठल्या खात्यात, काही माहीत नव्हतं. ते बराच वेळ आपल्या मांजराकडे बघत होते. मग काकांना म्हणाले, "इन्शाल्ला, खैर." बस, एवढंच. त्यांचा नंबर आला तेव्हा ते आत गेले आणि जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दुपारभर आम्ही तिथे होतो. आत चिवड्याला बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं होतं, सलाइन लावलं होतं. काका खुर्चीच्या टोकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पाण्याची बाटली मी दिली ती त्यांनी उजेडाकडे न धरता तशीच प्यायली. रेवा त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती रडत नव्हती. बऱ्याच वेळाने, त्यांच्याकडे न बघता, ती म्हणाली, "यू फिल्टर एव्हरीथिंग, काका. एव्हरीथिंग." काकांनी मान हलवली. मी तिला गप्प बस म्हणणार होते, पण तिचं काही चुकलं होतं असं मला वाटलं नाही.

चारच्या पुढे ताप उतरायला लागला. डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं, की आणखी थोडा उशीर झाला असता किंवा नुसता उष्माघात समजून बसलो असतो तर अवघड होतं. मग कुठली औषधं घरी द्यायची ते मला समजावलं. बिअरचा शब्दही त्या दवाखान्यात पुन्हा कोणी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी पुढे कित्येक दिवस दाराची बेल वाजली की दचकायचे. काका दचकत होते की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. काका डोक्याला पंचा गुंडाळून आळी खणत होते. त्या उन्हात. तिन्ही झाडांची माती त्यांनी बाहेर काढली, कुठून तरी वाळूची मोठी चाळण आणली आणि ती सगळी माती चाळली. एकदा नव्हे, दोनदा. जे हिरवंतपकिरी निघालं ते पिशव्यांत भरून गाडीत घातलं आणि कुठेतरी लांबच्या कचरापेटीत टाकून आले. मग बिअरचं पिंप धुऊन पालथं घातलं. नवरा अबू धाबीहून आला तेव्हा त्याने जाऊन सांगितलं, की अहो काका, कुत्रा बरा आहे, आता पुरे. काका म्हणाले, "बरं."

त्यानंतर ते शनिवारी जेवायला येईनासे झाले. काम आहे म्हणायचे. दह्याचं भांडं मात्र दाराबाहेर ठेवून जायचे. चिवडा पहिल्यासारखा झाला होता आणि सकाळी त्यांच्या दारावर पंजा मारायचा. दार उघडायचं, ते त्याला थोपटायचे आणि हाताने वळवून आमच्या घराकडे परत पाठवायचे. आत घ्यायचे नाहीत. कुत्र्याला याचा काही उलगडा व्हायचा नाही. तो पाच-दहा मिनिटं तिथेच बसून राहायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी हवा सुटली, लोक पुन्हा बाहेर खुर्च्या टाकायला लागले. एका शनिवारी मी पोळ्या करत होते. खिडकीतून मला रेवा कुत्र्याला घेऊन मागच्या दाराशी उभी दिसली. काका दारात आले. ही मुलगी माझ्या मराठी वाक्याला जन्मात मराठीत उत्तर देत नाही. ती म्हणाली, "काका, जेवायला चला. आईने बोलावलंय."

मी बोलावलं नव्हतं. काका आत गेले, शर्ट बदलून आले. जेवताना चिवडा त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता आणि काकांनी जेवण होईपर्यंत पाय हलवला नाही. रेवा उठून गेल्यावर मी म्हटलं, की आता आळ्यांना जाळी लावली आहे, कुत्रा आतच असतो, पुन्हा करायची असेल तर करा.

"बिअर मला फारशी आवडायची नाहीच, वहिनी," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी कारखाना सुटला की सोमवारपर्यंत करायचं काय, हा प्रश्न होता. त्यात हे बरं होतं. तयार व्हायला वेळ लागायचा."

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. विमानतळावर पोचवायला आम्ही तिघंही गेलो होतो. काका आधी चिवड्याच्या डोळ्यांत औषध कसं घालायचं यावर बोलत राहिले, मग घड्याळ बघून आत गेले. मागच्या दोन खोल्यांत आता एक फिलिपिनो जोडपं राहतं. फार आनंदी माणसं आहेत, रविवारी गातात.

परवा काकूंचा मिरजेहून फोन आला होता. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदाच नीट बोललो. काका भाजी आणायला गेले होते. काकू सांगत होत्या, की हे आता दिवसभर घरात असतात, त्यांच्याबरोबर मटार सोलतात, संध्याकाळी कृष्णेवर चालायला जातात, आणि इतका गप्प माणूस जरा बोलायलाही लागला आहे. मग त्या मध्येच थांबल्या. "मी कितीदा विचारलं, नुसते हसतात," त्या म्हणाल्या. "तिकडे सुट्टीच्या दिवशी हे एकटे काय करायचे हो?"

मी खिडकीतून मागच्या दोऱ्यांकडे पाहिलं.

"आमच्याकडे जेवायला यायचे," मी म्हटलं.